गाडीत शिरलेल्या पाण्याचा माग

मोटारीच्या दरवाजाच्या आत पाऊस पडतो. पत्र्याच्या दोन थरांमधल्या पोकळीत. काच खाली-वर व्हायची तर तिच्यासाठी फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीला लावलेली रबरी पट्टी जाता-येता काच पुसून घेते, एवढंच तिचं काम. बाकीचं पाणी काचेवरून ओघळून दरवाजात उतरतं, आतल्या दांड्या आणि तारा भिजवत तळाशी जातं आणि दरवाजाच्या खालच्या कडेला ठेवलेल्या बारीक फटींतून रस्त्यावर गळतं. समोरच्या काचेच्या पायथ्याशीही तेच. वायपरखालची जाळी पाणी आत घेते, जाळीखालचा पन्हळीसारखा पत्र्याचा पाट ते दोन्ही कडांना नेतो आणि पुढच्या चाकांच्या मागून खाली सोडतो. सनरूफभोवती चर असतो, चराच्या कोपऱ्यांना नळ्या असतात. गाडी बनवणाऱ्याने पाण्याचं येणं गृहीत धरलेलं असतं आणि त्याच्या जाण्याची सोयही करून ठेवलेली असते.

हे एकदा डोक्यात बसलं की पायाखालची ओली मॅट वेगळी दिसायला लागते. गाडीत पाणी सापडलं की आपण भोक शोधतो आणि ते बुजवायला सीलंटची नळी आणतो. पण पाहावं तर पुष्कळदा नवं भोक कुठेच पडलेलं नसतं. पाणी जाण्यासाठी ठेवलेलं भोक पाचोळ्याने बुजलेलं असतं. हे काम घरच्या घरी होतं, त्याला महागडी हत्यारं लागत नाहीत, मात्र सीलंट सगळ्यात शेवटी हातात घ्यायचं, हे मी गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीत पाहिलं.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथल्या एका हायस्कुलातल्या शिक्षकांची छोटी हॅचबॅक. अंगणात गुलमोहर, त्याखाली गाडी, अंगणाला डावीकडे उतार. आषाढात डाव्या बाजूच्या सीटपुढे पाणी साचायला लागलं. एका ठिकाणी दाखवल्यावर समोरच्या काचेच्या चारी बाजूंनी काळं सीलंट फिरवून मिळालं. पुढच्या सरीला पाणी पुन्हा हजर. शेवटी शेजारचे आप्पा मदतीला आले. आप्पा एसटीतून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, बसच्या बॉडीवर काम करण्यात गेलेली.

आप्पांनी पहिल्या दिवशी एकही स्क्रू उघडला नाही. विचारलं, "मास्तर, पाऊस नसताना एसी लावून लांब गेलात तर मॅट भिजते काय?" मास्तरांनी ते कधी पाहिलं नव्हतं. "मग आधी ते बघूया. पावसाचं पाणी कुठलं आणि एसीचं कुठलं, हे कळल्याशिवाय पाना उचलायचा नाय."

प्रश्न नेमका होता. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते आणि एका रबरी नळीने गाडीखाली गळते. कोकणच्या दमट हवेत तासाभरात बाटलीभर पाणी सहज निघतं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे बहुतेक गाड्यांत ही कॉइल डावीकडे, डॅशबोर्डच्या आत असते. नळी चोंदली की पाणी मागे फिरतं आणि डाव्या पायापाशी उतरतं. म्हणजे भर मे महिन्यात, आभाळात ढग नसताना गाडी आतून भिजू शकते. ओळखायला सोपं आहे. कोरड्या दिवशी गाडी उभी करून एसी वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवायचा, गाडी मोकळ्या हवेत हवी, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही, आणि खाली डोकावायचं. टपटप पाणी गळत असेल तर नळी मोकळी. काहीच गळत नसेल तर नळीचं तोंड शोधून मऊ वायर किंवा नायलॉनची दोरी हलक्या हाताने घालायची. कधी चिखल निघतो, कधी कुंभारीण माशीने बांधलेलं मातीचं घर. मास्तरांच्या गाडीखाली मात्र पाणी व्यवस्थित गळत होतं. एसी निर्दोष.

मग आप्पांनी ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि त्यामागचा केबिन फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर जड झाला होता, खालच्या घड्यांत पाणी आणि गुलमोहराची पानं. आप्पांनी तो मास्तरांच्या हातात दिला. "हे पाणी वरनं आलंय."

बाहेरची हवा आत घेणारं ब्लोअरचं तोंड वायपरखालच्या त्या पाटातच असतं. पाटाच्या तळापेक्षा ते उंच ठेवलेलं असतं, म्हणजे पाणी वाहून जात राहील तोवर हवा वरून आणि पाणी खालून, दोघांची गाठ पडत नाही. पाटाचं तोंड बुजलं की पाण्याची पातळी चढते, हवेच्या वाटेने पाणी ब्लोअरमध्ये उतरतं आणि पंखा फिरवला की डॅशबोर्डातून खळखळ ऐकू येते. मास्तरांची मुलगी म्हणाली की हा आवाज ती महिनाभर ऐकत होती, तिला वाटलं एसीचाच असेल.

पाट उघडणं हा घरी करण्यासारखा उद्योग आहे. वायपरच्या दांड्यांच्या बुंध्यावरची टोपणं काढायची, आतले नट सोडवायचे आणि दांड्या सरळ वर न ओढता हलवत सोडवायच्या, कारण त्या खाचांच्या खुंटीवर घट्ट बसलेल्या असतात. काढण्याआधी काचेवर दांडीच्या जागी कागदी चिकटपट्टी लावून ठेवली की परत बसवताना कोन चुकत नाही. मग प्लॅस्टिकची जाळी क्लिपांतून सुटते. जुन्या गाडीचं प्लॅस्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, त्यामुळे घाई केली की क्लिप तुटतात. त्या बाजारात सुट्या मिळतात, चार जास्त आणून ठेवलेल्या बऱ्या.

जाळीखाली जे निघालं ते मी जवळून पाहिलं. पानं म्हणून ओळखू यावीत अशी वरच्या थरातच होती. त्याखाली काळा, ओलसर, मातीच्या वासाचा लगदा, आणि त्यात एक कोवळं रोप उगवलेलं. आंब्याचं किंवा फणसाचं पान जाळीवरच अडकतं, हाताने उचलून टाकता येतं. गुलमोहराचं संयुक्त पान वाळलं की त्याच्या नखाएवढ्या पर्णिका सुटतात आणि जाळीच्या प्रत्येक भोकातून आत जातात. चिंचेचं तेच, आणि पुण्यातल्या रस्त्यांवरच्या पर्जन्यवृक्षांचंही काहीसं तेच. सावलीसाठी आपण गाडी लावतो तीच झाडं पाटासाठी सगळ्यात वाईट. झाडं तोडा असं मी चुकूनही म्हणणार नाही. दर दोन महिन्यांनी जाळीत हात घाला, एवढंच म्हणतो.

लगदा हातानेच काढायचा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो ढकलला तर थेट नळीच्या तोंडात जाऊन घट्ट बसतो. आप्पांनी सगळं उपसून काढलं, मग तांब्याने पाणी ओतलं आणि मास्तरांना चाकामागे बघायला बसवलं. उजवीकडून पाणी चटकन आलं, डावीकडून थेंब-थेंब. अंगणाचा उतार डावीकडे, म्हणजे उभ्या गाडीतलं सगळं पाणी डाव्या तोंडाकडेच धावणार. डावीकडच्या तोंडाला रबराची चपटी चोच असते, तिच्या ओठांत लगदा धरून बसला होता. तो निघाला आणि पाणी धो-धो कोसळलं.

इथे बरेचजण थांबले असते. आप्पा थांबले नाहीत. त्यांनी बागेची नळी घेतली, तोंडावरचा फवारा काढून टाकला आणि पाणी हळू सोडलं. नळीने शोधायची एक रीत आहे: खालून सुरुवात करायची आणि वर जायचं. आधी दरवाजाचा तळ, मग बिजागऱ्या, मग काचेचा पायथा, मग काचेच्या कडा, सगळ्यात शेवटी छप्पर. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून एकदमच वाहतं आणि कुठून आत शिरलं ते कळत नाही. एकाने बाहेर पाणी धरायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. मोटारीच्या कारखान्यातही गाडी बाहेर पडण्याआधी तिच्यावर पाण्याचे फवारे सोडून ती तपासतात.

आत बसायला मुलगी तयार झाली. डाव्या सीटसमोर उताणी झोपून, डोकं पेडलच्या उंचीला, टॉर्च डॅशबोर्डखाली. मॅट काढून खाली वर्तमानपत्र पसरलेलं, कारण कोरड्या कागदावर पहिला थेंब लगेच उमटतो. पाणी काचेच्या पायथ्याशी पोचल्यावर काही वेळाने आतून ओरडली, "आप्पाआजोबा, येतंय! तारेवरनं येतंय!"

एक बारीक लाल वायर. पुढे बसवून घेतलेल्या फॉग लॅम्पची. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तारांचा मूळ जुडगा एका जाड रबरी बुशातून आत येतो. बाहेरून दिवे बसवून घेतले तेव्हा त्याच बुशाला ब्लेडने चीर देऊन ही वायर आत ओढली होती. चीर नखाएवढी. पण वायर बाहेरून वरून खाली उतरत थेट चिरेत शिरत होती आणि पाणी तिला धरून चालत होतं: एक थेंब वायरवर सरकत यायचा, वळणापाशी थांबायचा, फुगायचा, तुटायचा, मागचा लगेच त्याच्या जागी. टॉर्चच्या उजेडात ते सगळं स्वच्छ दिसत होतं.

दुरुस्ती साधी. नवा बुश, वायरसाठी त्यातच असलेली बंद नळी कापून वायर तिच्यातून नेणं, आणि शिरण्याआधी वायरला खाली झोळ देणं. झोळ असला की पाणी सगळ्यात खालच्या बिंदूवरून गळून जातं, चढ चढून आत येत नाही. घरात वीज आणणाऱ्या तारेलाही वायरमन असाच झोळ ठेवतो. गाडीत जास्तीचे हॉर्न, कॅमेरे, दिवे बसवून घेणाऱ्यांनी काम चालू असताना शेजारी उभं राहून एवढं विचारावं की वायर आत नेली कुठून.

भोक सापडणं हा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि गाडीची खरी वाट तिथे लागते. आपल्याकडे नव्या गाडीच्या गालिच्यावर रेक्झिनचं लॅमिनेशन टाकून घ्यायची पद्धत आहे. माती लागत नाही, पुसायला सोपं. पण त्याखाली गालिचा, गालिच्याखाली फेल्ट किंवा फोमचा जाड थर, त्याखाली पत्रा. पाणी फेल्टमध्ये शिरलं की वरचं रेक्झिन त्याला सुकू देत नाही. वरून हात फिरवला तर कोरडं. मास्तरांच्या गाडीत लॅमिनेशन उचललं आणि फेल्ट मुठीत धरून पिळला तेव्हा पाण्याची धार लागली.

तो थर सुकवायचा तर सीट काढावी लागते, आणि इथे मला आवाज चढवून सांगायचंय. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे किंवा सीटबेल्ट ओढून धरणाऱ्या यंत्रणेचे असतात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, मगच त्यांना हात लावायचा. आणि ते सुटे असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून बसतो. एअरबॅगचा नियंत्रक बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतो. पाणी तिथवर पोचलं असेल तर तपासणी जाणत्याकडून करून घ्यावी. विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर घरचं काम तिथेच थांबवायचं.

सीट काढल्यावर गालिचा उचलून खाली लाकडाचे ठोकळे सरकवायचे आणि टेबलफॅन आडवा लावायचा. पाणी ओढणारा व्हॅक्यूम असेल तर आधी तो. श्रावणात उघडीप मिळेल तेव्हा चारी दरवाजे सताड उघडे. मास्तरांनी फेल्ट सुटा करून माडीवर, चुलीच्या वरच्या अंगाला टांगला. पूर्ण सुकेपर्यंत गाडी बिनसीटची उभी राहिली आणि ते शाळेत स्कूटरने गेले. घाईने बंद केलेल्या ओल्या फेल्टला चार दिवसांत बुरशी येते, कुबट वास सुटतो आणि तो अत्तराने जात नाही. पत्र्यावर तांबेरा आला असेल तर घासून, रेड ऑक्साईड मारून, वर रंग द्यायचा. तारांच्या जोडांत हिरवट भुकटी दिसली तर तांबं खायला सुरुवात झालेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरने ते साफ करणं सुक्या गालिच्याइतकंच गरजेचं.

पाणी दुसरीकडे साचत असेल तर शोधही दुसरीकडून करायचा. दरवाजाच्या उंबऱ्यापाशी किंवा मागच्या पायांपाशी ओल असेल तर संशय दरवाजाच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्यावर घ्यावा. आतलं पॅड उघडलं की तो दिसतो, चिकट काळ्या बुटाईल पट्टीने दरवाजाच्या पत्र्याला लावलेला. दरवाजात उतरलेल्या पाण्याला केबिनपासून वेगळं ठेवणारी ही एकच गोष्ट. स्पीकर बदलताना तो फाडला जातो आणि परत कोणी चिकटवत नाही. बुटाईल पट्टी स्वस्तात मिळते, जुनी पट्टी हेअर ड्रायरने ऊब देऊन पुन्हा दाबली तरी बऱ्याचदा धरते. त्याच वेळी दरवाजाच्या तळाच्या फटी काडीने मोकळ्या करायच्या. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर त्या बुजल्या आहेत.

दरवाजाभोवतीचं बीडिंग तपासायला कागदाची पट्टी पुरते. ती दरवाजात धरून दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढायची. जिथे सहज निसटते तिथे बीडिंग दबलंय किंवा दरवाजा लोंबलाय. रबराला डिझेल किंवा साधं ग्रीस लावू नये, ते फुगून मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात चालतो.

डिकीत पाणी असेल तर स्टेपनी उचलावी. मागच्या दिव्यांच्या मागची गॅस्केट, छतावरच्या अँटेनाचं बूड, स्टेपनीच्या खळग्यातली रबरी बुचं, आणि मागच्या बंपरआड असलेल्या हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा, एवढी ठिकाणं. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरून पाणी सोडलं की ओघळाची रेघ पावडरीत उमटते आणि माग वरपर्यंत जातो.

सनरूफबद्दल मात्र मी जरा कळकळीने लिहितो, कारण गेल्या काही वर्षांत गाडी घेताना घरातली मुलं ते आधी मागतात आणि त्याच्या नळ्यांची गोष्ट कोणी विक्रेता सांगत नाही. काच उघडली की चराच्या कोपऱ्यांत बोट जाईल-न जाईल अशी भोकं दिसतात. त्यांतून नळ्या समोरच्या आणि मागच्या खांबांच्या आतून खाली उतरतात. एका वेळी एका कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतायचं आणि ते गाडीखाली कुठे निघतं ते पाहायचं. अडलं तर मासे धरायच्या गळाची जाड नायलॉन दोरी, टोक मेणबत्तीवर गोल करून, हळूच आत. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. नळी आतल्या जोडातून निसटली तर मोकळी होते खरी, पण त्यानंतरचं प्रत्येक पावसाचं पाणी छताच्या कापडामागे पडतं.

एक पाणी असं असतं जे पावसाचं नसतं आणि एसीचंही नसतं. बोटाला तेलकट लागतं, गोडसर वास येतो, काचेवर आतून पुसता न येणारी साय धरते आणि रेडिएटरच्या टाकीतली पातळी उतरलेली असते. हीटरची छोटी जाळी फुटून कूलंट आत येतंय. ते चाखून पाहू नये, त्यात बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे. कुत्र्यांनाही ते गोड लागतं. अशी गाडी इंजिन तापायच्या आत गॅरेजला न्यावी.

राहिली समोरची काच, जिथे मास्तरांच्या गाडीला सीलंट फासलं गेलं. जुन्या पद्मिनीच्या काळात काच रबराच्या चौकटीत बसायची. रबराच्या खाचेत दोरी घालून, आतून ती दोरी ओढत कारागीर काच चढवत आणि गळती लागली तर रबर उचलून आत सीलंट भरत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत होत्या, आणि त्यांच्याबरोबर ती कारागिरीही गेली. तिची सवय मात्र हातात राहिली. आजची काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवलेली असते, बॉडीच्या ताकदीचा ती भाग असते आणि अनेक गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगताना तिचाच आधार घेते. वरून सिलिकॉन फासलं तर पाणी आत कोंडतं, व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं आणि पुढे काच नीट बसवायची वेळ आली की त्या तेलकट थरावर पॉलियुरेथेन धरत नाही. काच नुकतीच बदलली असेल आणि गळती तिथूनच आहे हे नळीने सिद्ध झालं असेल, तर काच काढून, प्रायमर लावून पुन्हा बसवून घ्यावी. हे काम घरचं नाही. मास्तरांच्या गाडीवरचं काळं सीलंट आप्पांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागला.

पुराचं पाणी हे वेगळं प्रकरण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरूच करायची नसते. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्याही जातात. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी गुंडाळीच्या आत राहणाऱ्या भागावर मळकट रेघ दिसली, सीटच्या रुळांत बारीक गाळ लागला, स्टेपनीखालच्या बोल्टांवर तांबेरा दिसला, की पाणी छतातून किंवा पाटातून आलेलं नसतं. गालिच्याचा कोपरा उचलून खालचा फेल्ट दाबून बघायला मालकाने हरकत घेतली, तर बयाणा देऊ नये.